तळाचा पेपर

एकदा एका बर्फाळ डोंगरावरच्या ठाण्यात पलटणीचे म्हातारे पंडितजी राहत होते. लढाई चालू होती. वर्तमानपत्रं खेचरावरून यायची, ती आठवड्याची एकदम. पंडितजी गठ्ठा पोथीच्या पेटीत घालून कुलूप लावत आणि रोज आरतीनंतर एकच अंक काढून जवानांना वाचून दाखवत. तोही सर्वांत जुना. ताजा अंक तळाशी.

हाताखाली नव्याने आलेल्या तरुण पंडिताला हे पटेना. शिकलेला माणूस, शिळी बातमी त्याच्या घशाखाली उतरेना. त्यात सिदू मगदूम या जवानाचा भाऊ गावच्या जत्रेत नामांकित पैलवानाशी लढला होता. निकाल तळाच्या अंकात असणार, हे उघड होतं. आणि सिदू आज गस्तीवर निघाला होता. जागा वाईट. गेलेला परत येईलच, असं नाही.

"गुरुजी, त्याला तेवढं तरी कळू द्या."

"चहा घे," पंडितजी म्हणाले.

शिष्याने गुपचूप किल्ली घेतली, निकाल वाचला आणि धापा टाकत सिदूला गाठलं. सिदू बूट बांधत होता.

"सिदू, तुझ्या भावाची कुस्ती..."

सिदूने कानांवर हात ठेवले. "नगा सांगू, पंडितजी. आल्यावर ऐकतो."

शिष्य तोंड पाडून परतला. म्हातारा पेटीपाशीच बसला होता.

"गेलास ना सांगायला? अरे शहाण्या, पेपर काही गोळी अडवत नाही. पण लढाई माणसाचा उद्या आधी काढून घेते, जीव नंतर. देवाचं नाव मी देतोच. तरी सकाळी पांघरुणातून पाय बाहेर काढायला काहीतरी न वाचलेलं शिल्लक लागतं."

काही दिवसांनी गस्त परतली, सगळीच्या सगळी, आणि त्या दिवशी पाळी तळाच्या अंकाचीच होती. पाठीवरचं ओझं न उतरवताच सिदू म्हणाला, "हं, वाचा."

पंडितजींनी अंक शिष्याकडे सरकवला. त्याने गंभीरपणे वाचलं: कुस्ती अंधार पडेपर्यंत चालली, पंचांनी बरोबरीत सोडवली, पुढल्या महिन्यात पुन्हा लावणार.

सिदू पोट धरून हसला. "म्हंजे अजून थांबायचं आलं."

"तुझा भाऊ पडत बी न्हाई, पाडत बी न्हाई," मागून कोणीतरी म्हणालं, आणि अख्खं ठाणं हसलं.

पुढचा गठ्ठा आला, तेव्हा शिष्याने स्वतःच ताजा अंक तळाशी घातला आणि किल्ली गुरुजींच्या हातात ठेवली. "माझ्यापासून लांब ठेवा," म्हणाला.

आणि आपण? चहा निवायच्या आत सगळं जग वाचून टाकतो, मग दिवसभर तोंड वाकडं करून बसतो.