निरोपांची डबी

"पण माई, निरोप टाकून कसे द्यायचे?"

मठाच्या प्रमुख माई पारिजाताखाली बसून फुलवाती वळत होत्या. बोटं थांबली नाहीत.

"टाकून दे असं मी कुठे म्हटलं?"

"मग ठेवायचे?"

"तेही मी म्हटलं नाही."

हेरंबने कपाळाला हात लावला. पुण्याच्या कंपनीत त्याला असं कुणी उत्तर दिलं असतं, तर त्याने त्या माणसाला मीटिंगमधून उठवलं असतं. इथे उठायचं झालं तर त्यालाच उठावं लागलं असतं.

तो बसून राहिला.

कातळावरच्या त्या मठात पाण्याची पंचाईत फार. विहीर खाली आणि टाकी वर टेकडीवर. टाकीत पाणी किती हे बघायला कुणीतरी धापा टाकत चढायचं आणि वरून बोंबलून सांगायचं. हेरंबने ते बंद केलं. टाकीच्या झाकणावर त्याने एक डबी बसवली. डबीत बोटाच्या पेराएवढी चिप. ती पाणी बघायची आणि मठात स्वयंपाक करणाऱ्या चंद्राच्या मोबाईलवर निरोप धाडायची. भरली आहे. अर्धी आहे. रिकामी आहे. निरोप वाचून चंद्राने जाऊन मोटर लावायची. मोटर हातानेच लावायची, असा माईंचा दंडक. पाणी प्यायचं तर कुणीतरी जागचं उठलं पाहिजे, म्हणायच्या.

सगळं झकास चाललं होतं. उत्सवाच्या दिवशी पहाटेच नेमकी रेंज गेली.

डबी बिचारी निरोप साठवत बसली. पण चिपमधली जागा ती केवढीशी! पहाटेच्या 'भरली आहे, भरली आहे'नेच ती गच्च झाली. नंतर 'रिकामी आहे' आलं, त्याला पाय ठेवायला जागा नव्हती. ते दारातूनच परत गेलं. दुपारी रेंज आली, तसे डबीने सगळे शिळे निरोप अगदी शिस्तीत, एकामागून एक, चंद्राच्या हातात ठेवले.

मठाचे विश्वस्त नानासाहेब पंचा खांद्यावर टाकून उभेच होते.

"करा नाना खुशाल आंघोळ," चंद्रा म्हणाली. "टाकी भरलेली आहे."

नानांनी डोक्याला साबण लावला, तोंडाला लावला आणि मग नळ सोडला…

न्हाणीघरातून नाना जे बोलले, ते कीर्तनाच्या माइकमधूनही थोडं थोडं ऐकू आलं.

तेच नाना उद्या पुन्हा यायचे होते, आणि येताना पाना घेऊन यायचे होते. डबी आपल्या हाताने उचकटून दरीत फेकायची, असं त्यांनी फोनवर कळवलं होतं.

 मठात आल्यापासून हेरंबला काही म्हणजे काही धड जमलं नव्हतं. ध्यानाला बसला की घोरायचा. गाईच्या धारेला बसला तेव्हा गाय उठून गेली. माणसांच्या उपयोगी पडलेली त्याची एकच वस्तू, ती डबी.

"माई, मी उपाय काढलाय," तो पुढे सरकला. "निरोप पाठवणारा प्रोग्राम असतो ना, तो निरोप ठेवायला आपलीच चिमूटभर जागा घेऊन येतो. ती मी काढून टाकतो. माझी जागा देतो. एक कार्ड लावतो, नखाएवढं. त्यात वर्षभराचे निरोप मावतील. एकसुद्धा हरवणार नाही!"

"एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही."

माईंनी वात बाजूला ठेवली.

"चंद्राला विचारून ये बरं, दूध तापलं का."

हेरंब गेला. चंद्रा कडेवरच्या पोराला थोपटत चुलीपुढे उभी होती. पोराला दात येत होते, दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"हळू बोला हो दादा, आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा. दूध कोमट आहे म्हणावं."

हेरंब परत आला. तोंड उघडणार, तोच माईंनी हात वर केला. थांब.

माईंनी एक वात वळली. मग आणखी एक. मग कापूस पिंजत बसल्या…

आत पोर रडायला लागलं. चंद्रा त्याला घेऊन अंगणात येरझाऱ्या घालू लागली.

"हं, सांग आता," माई म्हणाल्या.

"दूध कोमट आहे."

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. पाठोपाठ चंद्राची किंकाळी.

"काय आहे म्हणालास?"

"कोमट…"

"आता कुठलं कोमट?"

हेरंब ओशाळला. पण इंजिनिअर माणूस, ओशाळला तरी हरत नाही.

"कळलं माई! शिळं ठेवायचंच नाही. साठवण नकोच. एकच जागा ठेवायची. नवा निरोप आला की जुना पुसून टाकायचा."

"असं?"

"असंच."

"मग आता तसा जाऊन ये. काय हवं-नको विचार तिला."

चंद्रा चूल पुसत होती. तिने वर न बघताच सांगितलं, "माईंना म्हणावं मीठ संपलंय, दुकानातून मागवा. चिमूटभरही नाही घरात." हेरंब वळला. "आणि हे बघा," ती मागून म्हणाली, "दुसरं दूध ठेवलंय म्हणावं. आता मी इथून हलत नाही."

हेरंब माईंसमोर येऊन उभा राहिला.

"दुसरं दूध ठेवलंय. चंद्रा तिथून हलत नाही."

"आणखी काही?"

हेरंबने तोंड उघडलं. मिटलं. नियम म्हणजे नियम.

"…नाही."

"बरं."

मठात जेवताना माईंखेरीज कुणी बोलायचं नाही. त्यामुळे आमटीचा पहिला भुरका सगळ्या पंगतीने मुकाट्याने घेतला. मग सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चंद्राकडे. चंद्राने हेरंबकडे असं पाहिलं, की तो पानातला भात कालवत राहिला.

माई मात्र चवीने जेवत होत्या.

"हेरंबला आमटी वाढ गं चंद्रा. लाजतोय तो."

चंद्राने वाटी काठोकाठ भरली.

हेरंबने ती संपवली. हात धुतले आणि लॅपटॉप उघडला. भरली आहे, अर्धी आहे, या निरोपांना त्याने मिळून एकच जागा दिली. नवा आला, मग तो 'रिकामी'चा का असेना, की त्या जागेतला जुना पुसला जाईल. 'रिकामी आहे'ला मात्र कार्डावर वेगळी जागा दिली. वीज गेली तरी ते तिथेच राहील. मिळालं असं चंद्राच्या मोबाईलने कळवल्याशिवाय ते हलणार नाही, आणि रेंज आली की सगळ्यांच्या आधी तेच सुटेल.

"मिठासारखं," तो पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी नाना आले. हातात पाना होता.

"कुठाय ती डबी?"

"आधी आंघोळ करून घ्या नाना," माई म्हणाल्या. "अंगावर केवढी धूळ आहे. मग डबीचं बघू."

"पाणी आहे ना?"

"मला काय ठाऊक? डबीला ठाऊक."

नाना न्हाणीघराशी गेले. मग नळ सोडून बघितला. पाणी आलं. पाना खिडकीत ठेवून ते आत गेले. आतून कडी लागली.

माई उठल्या, केळीच्या बागेत गेल्या आणि बागेला पाणी सोडायचा टाकीचा मोठा कॉक पुरता सोडून आल्या.

"माई!" हेरंब ओरडला.

"तो तांब्याचा हंडा घे. वर जा. डबीवर पालथा घाल."

"अहो, त्याच्याखाली रेंज मरेल!"

"म्हणूनच."

हेरंब हंडा घेऊन टेकडी चढला. डबीवर हंडा घातला आणि टाकीत डोकावत बसला. पाणी खाली चाललं होतं, त्याचा जीवही. तळ दिसला. त्याने डोळे मिटले, हंडा उचलला आणि तसाच धावत सुटला.

तो अंगणात पोचतो तोच चंद्राच्या मोबाईलवर टिंग वाजलं. एकदाच.

चंद्रा एका हाताने पोर सावरत मोबाईल बघणार, एवढ्यात हेरंबने तो तिच्या हातातून ओढून घेतला.

"अहो दादा! माझा फोन! मोटर लावायची का ते बघू दे!"

तो ऐकतोय कुठे. माईंसमोर जाऊन त्याने गुडघेच टेकले.

"माई, बघा! 'रिकामी आहे'! सगळ्यात आधी हेच आलं! एकही शिळा निरोप नाही! म्हणजे हंड्याखाली असताना काय झालं बघा, पातळीचा निरोप पुसला जात होता, पण हा कार्डावर…"

न्हाणीघरातून आवाज आला. "पाणी!"

"…कार्डावर जपून ठेवला होता माई, आणि जोवर पोच येत नाही तोवर…"

"अरे पाणी! डोळे जळतायत माझे!"

"…तोवर तो जागचा हलणारच नाही, अशी मी सोयच केलीय! आता सांगा माई, डबी ठेवायची ना?"

माईंनी हातातली वात पुरी केली. तबकात ठेवली.

"डबी राहू दे, बाळा," त्या म्हणाल्या. "नाना अजून साबणात आहेत."