आप्पांची सुरक्षित जागा

आमच्या घरात मूल बोलायला लागलं की त्याला आधी एक नियम शिकवतात. आप्पांना 'का' विचारायचं नाही. आप्पा म्हणजे माझे थोरले काका, घरातले कर्ते. त्यांनी सांगितलं की ऐकायचं. माझे बाबा पन्नाशीला आले, त्यांनी अजून विचारलेलं नाही.

तर एका गावात, म्हणजे आमच्याच बोरदरीत, एक भोळा कर्ता होता. भोळा हा गावाचा शब्द. मी दुसरा वापरला असता, पण नियम आहे.

घरातल्या कुणी काही सांगितलं तर ते आप्पांच्या कानात शिरत नाही. कंपनीच्या माणसानं सांगितलं, की ते वहीत लिहून घेतात आणि अगदी तसंच करतात. कुठं करायचं आणि कुठं नाही, एवढं मात्र वहीत लिहायचं राहून जातं.

या उन्हाळ्यात आप्पा तालुक्याच्या प्रदर्शनातून स्मार्ट घर घेऊन आले. घर आमचंच राहिलं, फक्त पुढच्या दाराला आणि पाण्याच्या मोटारीला एकेक काळी डबी बसली. कंपनीच्या माणसानं दाराची कडी काढली, मोटारीचं बटण काढलं आणि सगळा कारभार आप्पांच्या फोनमध्ये घातला. दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये घालायला आप्पांनी नकार दिला. कर्ता एकच असतो.

आता आप्पा फोनवर बोट ठेवणार. तो हुकूम इंटरनेटवरून कुठल्याशा लांबच्या शहरात कंपनीच्या सर्व्हरकडे जाणार. सर्व्हर बघणार, हे आप्पाच आहेत का. मग परवानगी बोरदरीला परत येणार आणि दार उघडणार. दार आप्पांपासून हातभर अंतरावर.

"आणि तो सर्व्हर बंद पडला तर?" मी विचारलं. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ताटात बघितलं.

माझा जीव तेव्हा एका फाइलीत अडकला होता. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत एक जागा निघाली, मी परीक्षा दिली आणि यादीत नाव लागलं. दोन जूनला सकाळी अकरा वाजता मूळ कागदपत्रं घेऊन हजर राहायचं होतं. मूळ कागद नाहीत, तर नाव यादीतून कमी. ते सगळे कागद त्या फाइलीत होते आणि फाइल पुढच्या खोलीतल्या फडताळावर.

कंपनीच्या माणसानं जाताना आप्पांना सांगितलं, फोन कायम जवळ ठेवा. आप्पांनी वहीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ते फोन घेऊन आंघोळीला गेले. आमचं न्हाणीघर परसात आहे, पण मागचं दार कधीच बुजवलेलं, म्हणून ये-जा पुढूनच. मी आणि बाबा शेतात, आप्पांच्या बायको गोदाकाकू गिरणीवर. आप्पांनी डोक्यावर पहिला तांब्या ओतला तेव्हा फोन हातात होता. दुसरा ओतला तेव्हा बादलीत होता. दार लोटलं की आपोआप कुलूप लागतं, ही त्या दाराची हुशारी. आप्पा पंचा गुंडाळून परसात दीड तास उभे राहिले. शेजारच्या शेवंताबाईंनी आपला फोन कुंपणावरून दिला आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. हेल्पलाइनच्या मुलीनं नाव विचारलं, गाव विचारलं, जन्मतारीख विचारली, आणि तिकडे बसल्या बसल्या आमचं दार उघडून दिलं.

कंपनी आमचं दार तिकडून उघडू शकते, हे ऐकून मला धडकी भरली. आप्पांना अभिमान वाटला.

फोन ठेवताना ती मुलगी म्हणाली, सर, इथून पुढे फोन पाण्यापासून लांब ठेवा. आप्पांनी नवा फोन आणला आणि वहीत लिहिलं.

बोरदरीत नळाला चार दिवसांनी एकदा पाणी येतं, चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत मोटार लावून गच्चीवरची टाकी भरून घ्यायची. पाण्याचा दिवस आला. आप्पांना वही आठवली. ते फोन घेऊन पाण्यापासून लांब निघाले. अंगणात नळ होता म्हणून रस्त्यावर आले. रस्त्यात हापसा होता म्हणून पुढे गेले. शेवटी एसटीच्या थांब्यावर पोचले, तिथं प्यायलासुद्धा पाणी नव्हतं. तिथून त्यांनी मोटार चालू केली.

टाकी भरली, आणि सर्व्हर झोपला. आप्पा थांब्यावर बोटं आपटत राहिले, मोटार घरी चालत राहिली. गोदाकाकू बटण बंद करायला धावल्या, पण बटणाच्या जागी फक्त काळी डबी. टाकीचं पाणी गच्चीवरून शेवंताबाईंच्या अंगणात पडायला लागलं. तिथं त्यांचं वर्षाचं वाळवण घातलेलं होतं.

आप्पा परतले तेव्हा शेवंताबाई दारात उभ्या होत्या. भांडल्या नाहीत. हातातली पातेली पुढे केली. "कुरडयांची खीर झालीय, आप्पा. चाखून बघा."

आप्पांनी हेल्पलाइनला फोन लावला. तिकडून सांगितलं, सर, असं झालं की काही करू नका, वाट पाहा, सर्व्हर आपोआप परत येतो. आप्पांनी वहीत लिहिलं.

पुढच्या रविवारी आम्ही चौघं एका लग्नाहून परत आलो. आप्पांनी पायरीवर उभं राहून फोनवर बोट ठेवलं. फोनवर एक गोल चक्र फिरायला लागलं. आप्पा म्हणाले, बसा. आम्ही बसलो. भर दुपारची दोनची वेळ, पायरी तव्यासारखी. बाबांनी डोक्यावर रुमाल टाकला. मी दाराला हात लावून बघते म्हणाले, तर आप्पांनी वहीचं पान उघडून दाखवलं. काही करू नका.

तासाभरानं शेवंताबाईंची शेळी आली. तिनं आमच्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि डोक्यानं दार ढकलून आत गेली.

दाराला कुलूप लागलेलंच नव्हतं. सकाळी निघतानाही सर्व्हर झोपेतच असणार, आणि कुलूपही त्यालाच विचारून लागतं.

आम्ही आत धावलो तोवर शेळीनं फडताळावर पुढचे पाय टेकले होते आणि तोंडात माझी फाइल होती. दहावीच्या गुणपत्रिकेचा एक कोपरा गेला. बाकीचं मी तिच्या दातांतून ओढून काढलं. आप्पा तोवर फोनवर होते. दार उघडं राहिलं, घरात चोरी झाली, असं सांगत होते. चोर शेळी आहे हे त्यांनी सांगितलं नाही.

हेल्पलाइनच्या मुलीनं मनापासून हळहळ व्यक्त केली आणि म्हणाली, सर, महत्त्वाच्या सगळ्या वस्तू आमच्या स्मार्ट तिजोरीत ठेवा, ती सगळ्यात सुरक्षित जागा. आप्पांनी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

आठवड्यात तिजोरी आली. फोनवर बोट ठेवलं की हुकूम सर्व्हरकडे, परवानगी परत, मग दार उघडणार. तोच प्रवास. फक्त हिच्याबरोबर एक किल्ली होती. आणणारा माणूस म्हणाला, ही आणीबाणीसाठी, जपून ठेवा. माझी फाइल आप्पांनी सगळ्यात आधी आत ठेवली. मी म्हणाले, माझे कागद माझ्या पेटीत राहू देत. आप्पा म्हणाले, शेळी पेटीपण खाईल.

गोदाकाकूंनी त्याच दिवशी इस्माईलभाईंना बोलावून पुढच्या दाराला जुनी कडी परत बसवून घेतली. गावातली सगळी फाटकं इस्माईलभाई बनवतात. आप्पांना कडी दिसली नाही. ती फोनमध्ये नव्हती.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आप्पा अचानक कामाला लागले. शेताचा सातबारा मागून घेतला. रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, सगळ्यांची आधार कार्डं घेतली. काकूंच्या गळ्यातली बोरमाळ उतरवून घेतली. सगळं तिजोरीत. घरातल्या कुणीही 'का' विचारलं नाही. मीसुद्धा नाही, हे मला आजही खुपतं. मी फक्त माझी फाइल मागितली. आप्पा म्हणाले, दोन तारखेला सकाळी देतो.

एक जूनला पाण्याचा दिवस होता. मोटार चालू झाली नाही. आप्पा म्हणाले, वाट पाहा. चाळीस मिनिटं वाट पाहिली. नळाचं पाणी आलं तसं गेलं.

दोन जूनला सकाळी साडेसातला मी इस्त्रीचा ड्रेस घालून तिजोरीसमोर उभी राहिले. जिल्ह्याची गाडी पावणेनऊला होती. आप्पांनी फोनवर बोट ठेवलं. पुन्हा ठेवलं. मग शर्टाला पुसून ठेवलं.

"थांब," ते म्हणाले. "सर्व्हर आपोआप परत येतो. वहीत आहे."

"वही कुठं आहे?"

"महत्त्वाची आहे. आत ठेवलीय."

मी त्यांच्या हातातून फोन घेतला. आमच्या घरात असं कुणी केलेलं नाही. कंपनीचा पंचवीस मेचा निरोप त्यात पडलेला होता. मी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. एकतीस मेपासून आमची सेवा कायमची बंद होत आहे. त्यानंतर आमची उपकरणं चालणार नाहीत. त्याआधी आपल्या महत्त्वाच्या गोष्टी सुरक्षित जागी हलवा.

"मग हलवल्या की," आप्पा म्हणाले. "एकूण एक."

बाबा भिंतीला टेकले. काकूंचा हात मोकळ्या गळ्याकडे गेला.

"आप्पा, आणीबाणीची किल्ली होती ना?"

"आहे."

"कुठं?"

"सुरक्षित जागी."

आम्ही सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं. आप्पा एकाच ठिकाणी बघत होते. काकूंनी पदर तोंडात धरला. त्या हसत होत्या की रडत होत्या, कळलं नाही.

मग बाबा बोलले. आयुष्यात क्वचित बोलतात, ते नेमके तेव्हा बोलले. म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा जागा निघतील, परीक्षा पुन्हा देता येईल, आप्पांपुढं वाद नको. माझी तीन वर्षं आणि माझी नोकरी त्यांनी एका दमात पुढच्या वर्षावर ढकलली, तीसुद्धा इतक्या हळू आवाजात की जणू ते माझ्याच बाजूनं बोलत होते.

मी चपला घातल्या आणि इस्माईलभाईंना घेऊन आले. त्यांनी ग्राइंडर आणला होता. आप्पा तिजोरीला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, फोडली तर वॉरंटी जाईल.

"कंपनीच गेलीय, आप्पा," इस्माईलभाई म्हणाले. त्यांनी आप्पांना खांद्याला धरून बाजूला केलं, तिजोरी भिंतीपासून पुढे ओढली आणि मागून टिचकी मारून बघितली. "पुढून लोखंड, मागून नुसता पत्रा. ही तिजोरी आहे का पिठाचा डबा?"

पाच मिनिटांत त्यांनी मागचा सगळा पत्रा कापून काढला. मी हात घालून फाइल घेतली. कागद मोजले. सगळे होते. एका कोपऱ्यावर शेळीचे दात होते, तेवढंच. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

माझ्यानंतर आप्पांनी त्या भोकात हात घातला आणि किल्ली काढली. तिला त्यांनी एक चिठ्ठी बांधली होती. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, तिजोरी न उघडल्यास वापरावी.

किल्ली घेऊन आप्पा तिजोरीच्या पुढच्या बाजूला आले. कुलपात घातली. फिरवली. खट्ट असा आवाज झाला आणि दार उघडलं.

आप्पांचा चेहरा उजळला. "बघा. मी म्हणत नव्हतो? किल्ली एकदम चालते. उगाच घाई केली तुम्ही."

मग त्यांनी माझ्यापुढे हात केला.

"आण ती फाइल. गाडीला अजून वेळ आहे, तोवर आत ठेवून कुलूप लावतो. शेळी मोकळी फिरतेय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. काकूंनी बघितलं. ते सगळे वाट पाहत होते, जसे त्या रविवारी पायरीवर बसून पाहत होते.

"नाही," मी म्हणाले.

"का?" आप्पांनी विचारलं.

आमच्या घरात हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला. मी फाइल काखेत धरली आणि उघड्या तिजोरीकडे बोट दाखवलं. तिच्यातून आरपार दिसत होतं. पलीकडे इस्माईलभाई उकिडवे बसून ग्राइंडरची वायर गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली आणि तिजोरीतून आप्पांना रामराम केला.

मी गाडीसाठी निघाले तेव्हा सगळे तिजोरीत बघत उभे होते.