शिकाऱ्याचा चारा

गावाची वाट संपून जिथे रान सुरू होतं, तिथे एक शिकारी आणि त्याची बायको राहत होती. मांसाशिवाय दुसऱ्या कशाला शिकारी खाणंच म्हणत नसे. कंद, भाजी, फळं, सगळ्याला त्याच्याकडे एकच शब्द होता: चारा. "आज काय चारा केलास?" असं विचारून तो स्वतःच हसे. बायकोही हसून सोडून देई. तिला रानातलं पान न् पान ठाऊक होतं, पण तिने त्याचा कधी तोरा मिरवला नाही.

एकदा पावसाळ्यात दोघं नदीपलीकडच्या टेकडीवर लाकडं आणायला गेली आणि मागे नदीला पूर आला. परतीची वाट बंद झाली.

"घाबरू नकोस," शिकारी म्हणाला. "भाला आहे, मी आहे."

तीन दिवस तो वणवण हिंडला. हाती लागला एक ससा. तो एका जेवणात संपला. त्यातच बायकोला ताप भरला. तशा तापातही तिने कडू कंदाचा वेल शोधून काढला. साऱ्या टेकडीवर तो एकच होता. तिने कंद उकरला, त्याचा वरचा तुकडा परत मातीत पुरला, बाकीच्याच्या चकत्या करून टोपलीत भरल्या आणि टोपली ओढ्याच्या धारेत ठेवली.

"तो तुकडा कशाला पुरलास?" शिकाऱ्याने विचारलं.

"पुढच्या साली कुणी येईल की भुकेलं. आणि अहो, टोपलीला हात लावू नका बरं. दोन रात्री वाहत्या पाण्यात राहिला की त्याचा कडूपणा जातो. मग भाजून खाऊ."

दोन रात्री सरल्या. तिसऱ्या सकाळी तिला उठवेना. 'आजारी माणसाला चारा काय घालायचा? हिला मांसच पाहिजे,' असं शिकाऱ्याच्या मनाने घेतलं. चिखलात रानडुकराच्या खुरांचे ठसे होते. त्याने बायकोला न विचारता टोपली उचलली, सगळ्या चकत्या झाडाखाली पसरल्या आणि भाला घेऊन तो दबा धरून बसला.

डुक्कर आलं. त्याने एकूण एक चकती खाल्ली. उपाशी हाताने फेकलेला भाला भलतीकडेच गेला.

तो रिकामी टोपली घेऊन परतला. बायको रागावली नाही. "मला विचारायचं तरी होतं," एवढंच म्हणाली.

पूर ओसरल्यावर तो तिला पाठीवर घेऊन निघाला. नदी ओलांडली, पण घर येण्याआधीच तिने प्राण सोडला.

पुढच्या पावसाळ्यात शिकारी त्या टेकडीवर गेला. पुरलेल्या तुकड्याला वेल फुटला होता. त्याने कंद उकरला, वरचा तुकडा परत पुरला, चकत्या धारेत ठेवल्या आणि दोन रात्री तिथेच बसून राहिला. तिसऱ्या सकाळी भाजलेली चकती त्याने तोंडात घातली. ती गोड होती. शिकारी उरलेल्या चकत्या हातात धरून खूप रडला.

तात्पर्य: रानात मांस मोठं की कंद, हा वाद मागाहून घालावा. आधी जाणत्या माणसाला विचारावं, आणि ते जवळ आहे तोवर विचारावं.