आमच्या गावची राहीमाय

त्या खिडकीतलं मातीचं घरटं पाडू नका, पाव्हणं. पिवळ्या कमरेची ती माशी चावायची नाही. तुमच्याकडे तिला कुंभारीण म्हणत असतील. आमच्या सोनेगव्हाणात ती राहीमाय. हे नाव दुसरीकडे कुठं ऐकायला मिळणार नाही.

राही ही इथली कुंभाराची विधवा. पोटी मूलबाळ नाही. एका साली गावात तापाची साथ आली आणि सगळ्यांनी माळावर पालं ठोकली, असं सांगतात. गोमी नावाची सात वर्षांची पोर आणि तिचे दोन धाकटे भाऊ मागं राहिले. आईबाप तापानं गेलेले. कारभारी धोंडजी म्हणाला, "त्या घरातली पोरं माळावर नकोत."

"मग मीही येत नाही," राही म्हणाली, आणि पोरांना आपल्या खोपटात घेऊन आली.

आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी तिचंच अंग तापलं. ती बाहेर येऊन बसली. पण दाराला नुसतं तरटाचं फडकं, धाकटा सारखा तिच्याकडे धावायचा. मग तिनं चिखल तुडवला आणि दार लिंपून घेतलं. हात जाईल एवढं भोक ठेवलं. त्यातून लाह्या, गूळ, पाणी आत द्यायची.

गोमी रडायची. "माय, आत ये ना!"

"नको गं बाई. तू आतून भिंतीला हात लाव, मी बाहेरून लावते. झोप आता."

दार लिंपल्यावर पाचव्या दिवशी गावात चुलीचा धूर दिसेना, तेव्हा धोंडजी स्वतः चार माणसं घेऊन माळावरून खाली आला. राही भिंतीला टेकून बसलेली, तळवा मातीवर तसाच. जीव गेलेला. आत तिन्ही पोरं धडधाकट होती. आणि तिच्या तळव्याशेजारी म्हणे एक पिवळी माशी चिखलाची गोळी आणून लावत होती. कुणीतरी तिला हाकलायला गेलं, तशी गोमी भोकातून ओरडली, "मारू नका! माय अजून लिंपतीय!"

धोंडजीला तिथंच रडू कोसळलं. ती तिन्ही पोरं त्यानं आपल्या घरी वाढवली.

आजही आमच्याकडे एखाद्या बाईला दवाखान्यात भरती व्हायचं असलं आणि मागं पोरांचं कसं या विचारानं तिचा पाय निघत नसला, की शेजारीण एवढंच म्हणते, "जा तू. मी हाय राहीमाय."