खुणा जुळल्यावर

"उस्ताद, हीच गाडी मला का दिलीत?"

दिगंबरनं विचारलं. इस्माईल उस्ताद इंजिनाचे स्पार्क प्लग काढून फडक्यावर मांडत होते.

घाटाच्या पायथ्याशी त्यांचं गॅरेज. गाडी त्यांच्या मुलीची, रुकय्याची. ती घाटावरच्या दवाखान्यात नर्स होती आणि रोज एकटी गाडी चालवत वर जायची. त्या गाडीची टायमिंग चेन, म्हणजे पिस्टन आणि वॉल्व्ह एका तालात ठेवणारी साखळी, बदलायला उस्तादांना नेमका हाताखालचा दिगंबर सापडला होता.

वर्षापूर्वी हा दिगंबर भलताच हुशार होता. त्यानं एका जीपची चेन बसवली, इंजिन हातानं फिरवून न बघताच चालू केलं, चावी ड्रायव्हरच्या हातात ठेवली आणि शीळ घालत चहाला गेला. चेन गिअरवर एक दात चुकली होती. घाटात इंजिन बसलं आणि भरलेली जीप उतारावर मागे सुटली. कठडा आडवा आला म्हणून माणसं वाचली. तेव्हापासून दिगंबर फक्त पंक्चर काढायचा.

आता इंजिनाचं पुढचं झाकण उघडं होतं. नव्या चेनच्या रंगीत कड्या गिअरांवरच्या ठिपक्यांना बरोबर भिडल्या होत्या.

"जुळल्या?" उस्तादांनी विचारलं.

"जुळल्या."

"किती वेळा बघितलंस?"

"...बघतोच आहे सकाळपासून."

"मग पाना लाव. हातानं पुरे दोन फेरे."

दिगंबरनं पाना लावला. इंजिन हळूहळू फिरू लागलं. आणि मध्येच अडलं.

त्यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "पिस्टन वॉल्व्हला लागला, उस्ताद! परत चुकलं माझं..."

उस्ताद वाकले. पान्याचा दांडाच गाडीच्या पत्र्याला टेकून अडला होता.

"पाना काढ. परत लाव."

दिगंबरला रडू येईल असं वाटलं. पण पाना लागला. दोन फेरे झाले. त्यानं खाली वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. रंगीत कड्या भलतीकडेच गेल्या होत्या.

"खुणा हुकल्या!"

"गिअरचे ठिपके बघ."

"ते जागेवर आहेत. पण चेनच्या कड्या..."

"त्या बसवण्यापुरत्या, रे. चेन फिरली की त्या पुढे जाणारच. आता ठिपक्यांवरच भरवसा."

"आणि झाकण बसलं की ठिपकेही दिसणार नाहीत."

"नाही दिसणार."

"मग घाटात मला कोण सांगणार, सगळं बरोबर आहे म्हणून?"

उस्तादांनी झाकण उचलून त्याच्या हातात दिलं.

"कोणी नाही."

झाकण बसलं. प्लग लागले, तेल भरलं. दिगंबरनं इंजिन चालू केलं. आवाज अगदी साफ होता. त्याला मात्र त्या साफ आवाजाचीच धास्ती वाटली, कारण ती जीपही सुरुवातीला चालली होतीच. त्यानं इंजिन बंद करून चावी काढली.

तेवढ्यात रुकय्या आली, खांद्याला पिशवी, ड्यूटीला निघालेली.

"झाली ना, दिगूदादा? आण चावी."

दिगंबर हलला नाही. मूठ आवळलेली.

"अब्बा, हा देत नाही बघा."

"दे तिला," उस्ताद म्हणाले.

"नाही."

उस्तादांना नाही म्हणण्याची दिगंबरची ही पहिलीच वेळ. त्याचं त्यालाच दचकायला झालं.

"आधी मी घाट चढून येतो. एकटा. काही झालं तर मला होऊ दे. नीट परत आलो, तर मग तिला द्या."

त्यानं गाडीचं दार उघडलं आणि तो स्टिअरिंगवर बसला.

उस्तादांनी हात पुसले. पलीकडचं दार उघडलं आणि ते त्याच्या शेजारी बसले.

"हीच गाडी तुला दिली, ती म्हणूनच. ज्याला धास्ती असते, तोच आधी स्वतः चढून बघतो."