उंबऱ्यापलीकडचा दोर

फार पूर्वी रोहितकूट नगरात महिंसक राजाचं राज्य चालू असताना बोधिसत्त्व एका मीठविक्याच्या घरी जन्माला आला. त्याचं नाव भद्रिक. आईबाप गेले, लग्नाची बायकोही पहिल्या बाळंतपणात गेली, आणि घरात तो एकटा उरला. पण घर काही ओकंबोकं नव्हतं. मीठ सगळ्यांनाच लागतं. सकाळपासून दारात कोणी ना कोणी उभं असायचं, मीठ घ्यायचं आणि जाता जाता दोन गोष्टी सांगून जायचं. भद्रिकाला त्या गोष्टींचीच जास्त ओढ होती असं म्हटलं तरी चालेल.

रोहितकूटापासून समुद्र लांब होता. वर्षातून एकदा भद्रिक गाड्यांचा तांडा घेऊन मिठागरांवर जाई आणि त्यासाठी गावच पैसा उभा करी. विपुल शेठ मोठी रक्कम देई, बाकीचे आपापल्या परीने देत. सुतार आपली मजुरी मागे ठेवी. सोणा नावाची एक विधवा म्हातारी गाड्यांसाठी दोर वळून देई, तिचेही पैसे तांडा परतल्यावर. आजवर कोणाचा छदाम बुडला नव्हता.

मग एका वर्षी, गाव अगदी जवळ आलेलं असताना, नदीच्या उतारावर घात झाला. वर डोंगरात कुठे पाऊस झाला असेल, इकडे आभाळ कोरडं. गाड्या एकमेकींना दोरांनी बांधून पाण्यात घातल्या होत्या आणि अचानक लोंढा आला. पहिली गाडी कलंडली आणि मागच्यांना ओढू लागली. सोणाच्या दोरांना तुटणं माहीत नव्हतं. गाड्या धरून ठेवल्या असत्या तर थोडंफार मीठ वाचलं असतं, पण एखाददुसरा माणूस गेला असता. "दोर कापा," भद्रिक म्हणाला. "बैल सोडा आणि काठ गाठा." माणसं वाचली, बैलही वाचले. दुसरा कुठला माल बुडाला तर काहीतरी हाती लागतं. धान्य वाळवता येतं, कापड धुता येतं. मिठाचं तसं नसतं. थोडा वेळ नदीचं पाणी खारट लागलं असेल, एवढंच.

बैल विकून त्याने गाडीवानांची मजुरी चुकती केली. मग घेणेकरी यायला लागले. दिवस उजाडायच्या आत ओटा भरायचा. कोणी शिव्या देई, कोणी रडे, कोणी नुसतंच ठाण मांडून बसे. भद्रिक सगळ्यांना पाणी देई आणि मान खाली घालून ऐकून घेई.

त्या नगरात एक रीत होती. ज्याचं देणं फिटण्यापलीकडे गेलं, त्याने भर दुपारी आपल्या दारात दिवा लावायचा. आपण आज दिवाळं निघालं म्हणतो, तसलंच ते. दिवा लागला की घरातलं असेल नसेल ते घेणेकऱ्यांनी वाटून घ्यायचं, ज्याचं घेणं मोठं त्याने आधी. देणं तिथेच संपे. दिवा लावणाऱ्याने मात्र सूर्य मावळायच्या आत गाव सोडायचं, आणि पुढे त्याचं नाव कोणी काढत नसे.

एके दिवशी विपुल शेठ स्वतःच दिवा घेऊन आला. चांगला पितळी दिवा, तेलवात घालून तयार. माणूस तसा वाईट नव्हता, फक्त नुकसान त्याला सोसत नसे. त्याने दिवा भद्रिकापुढे ठेवला.

"लाव आणि मोकळा हो," तो म्हणाला. "घर आणि कोठार मला येईल, माझं बरंचसं भागेल. बंदरावर माझी पेढी आहे, तिथे तुला बसवतो. तिथे तुला कोण ओळखतंय?"

"आणि बाकीच्यांचं काय, शेठ?"

"उरलं तर त्यांना मिळेल."

"काही उरणार नाही."

"मग नाही मिळणार. ही रीत काय मी पाडली?"

"सोणामावशीचे दोर मी कापायला लावले," भद्रिक म्हणाला. "तिला काय सांगू?"

विपुल शेठला हसू आलं. "कोण, ती दोरवाली? तिचं घेणं ते केवढं! माझ्या बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांत फिटेल." घुंगरं काढून द्यायला मात्र तो काही उठला नाही.

भद्रिकाने दिवा उचलला. खोटं कशाला सांगू, त्याची नजर क्षणभर चुलीतल्या विस्तवाकडे गेली. नवं गाव, नवी ओळख, कोणी काही मागायला येणार नाही असं दार. मन फार दमलं होतं त्याचं. मग त्याने दिवा तसाच फळीवर ठेवला, शेठला नमस्कार केला आणि तो थेट श्रेणीच्या प्रमुखांकडे गेला. श्रेणी म्हणजे त्या काळची व्यापाऱ्यांची पंचायत.

"देणं मला बुडवायचं नाही," तो म्हणाला, "आणि एकदम फेडायची ताकद माझ्यात नाही. मला वेळ द्या. आणि जे देईन ते लहानमोठ्या सगळ्यांना एकाच मापाने देऊ द्या."

प्रमुखांनी सगळ्या घेणेकऱ्यांना वडाखाली बोलावलं. बोलणी दिवसभर चालली. शेवटी करार ठरला तो असा. व्याज आजपासून थांबेल. भद्रिक पोटापुरतं ठेवून बाकीची सगळी कमाई दर हंगामाच्या शेवटच्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत, ज्याच्या त्याच्या घेण्याच्या प्रमाणात वाटेल. कोणी मागच्या दाराने वेगळं काही घेणार नाही. एक हंगाम जरी चुकला तरी करार मोडेल आणि त्याला दिवा लावावा लागेल. विपुल शेठ कुरकुरत होता. प्रमुख त्याला म्हणाले, "शेठ, आज घर घेतलंत तर काही भाग मिळेल. थांबलात तर सगळं मिळेल." मग तोही कबूल झाला.

प्रमुखांनी भद्रिकाच्या ओट्यावरची गर्दी पाहिली होती. त्यांना दया आली आणि आपल्या मनाने त्यांनी आणखी एक कलम घातलं, की देणं फिटेपर्यंत कोणत्याही घेणेकऱ्याने भद्रिकाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नये, टाकलं तरी करार मोडेल. सगळ्यांना ते पटलं. भद्रिकाने हात जोडून त्यांचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नेहमीप्रमाणे पाण्याची घागर भरून ओट्यावर ठेवली. कोणी आलं नाही. दुपार झाली, उन्हं कलली, घागर तशीच भरलेली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की तो ज्याचं देणं लागत नाही असा माणूसच अख्ख्या गावात नव्हता. कराराने त्रास थांबला होता आणि त्याबरोबर माणसंही थांबली होती. शिव्या द्यायला का होईना, कोणीतरी येत होतं. त्या संध्याकाळी त्याला फार एकटं वाटलं, आणि ते कोणाला सांगावं तर सांगायलाही कोणी नव्हतं.

गाड्या नव्हत्या, बैल नव्हते. उसन्या मिठाच्या दोन टोपल्या कावडीला लावून तो खेडोपाडी पायी फिरू लागला. मीठ विकायचं, परत येऊन अंधाऱ्या घरात चूल पेटवायची आणि अळणी जेवायचं. टोपलीतलं मीठ घेणेकऱ्यांचं, त्यातली चिमूटही आपली नव्हे, असं त्याने ठरवून टाकलं होतं. हंगाम संपला की तो घरोघर वाटे पोचवी. लोक दारातच हात पुढे करत. बस म्हटलं, पाणी दिलं, तर उद्या कोणी म्हणेल यांचं आतून काही शिजतंय, अशी त्यांना धास्ती असे. घेणं मिळे, पण एक शब्द कोणी जास्तीचा बोलत नसे.

सोणाच्या दारात मात्र वेगळं घडलं. ती वाखाचा दोर वळत होती. दोराचं एक टोक तिच्या हातात आणि दुसरं भिंतीतल्या खुंटीला.

"आत ये," ती म्हणाली.

"मावशी, करार आहे."

"करारात तुझा उंबरा आहे, माझा नाही. वडाखाली मीही बसले होते, कान उघडे ठेवून."

भद्रिक आत गेला. तिने खुंटीचं टोक सोडून त्याच्या हातात दिलं. "धर. घट्ट धर, पीळ सुटू देऊ नको. म्हातारा गेल्यापासून या खुंटीशी बोलतेय मी, पण ती कधी हूं म्हणत नाही." तो टोक धरून बसला. ती पीळ देत राहिली आणि बोलत राहिली, कोणाची गाय व्यायली, कोणाची सून रुसली. जाताना तिने भाकरी-दही पुढे केलं. त्याने वरचं मीठ बोटाने बाजूला सारलं.

"हे काय? मीठविक्या तू, आणि मीठ खात नाहीस?"

"फिटल्यावर खाईन, मावशी."

अशी वर्षं गेली. कितीतरी हंगाम आले आणि गेले. भद्रिकाचे केस पिकले, खांद्याला कावडीचा घट्टा पडला. प्रत्येक हंगामाच्या शेवटी तो सगळ्यात शेवटी सोणाकडे जाई, म्हणजे तिथे थोडं जास्त बसता येई.

मग एका हंगामाअखेरीस तो फेरीवरून तापाने फणफणतच परतला. वाटायच्या पैशांची थैली कमरेला तयार होती, पण उठून बसायचं त्राण नव्हतं. दार उघडं होतं. येणारे जाणारे आत डोकावत, उंबऱ्याकडे बघत आणि पुढे जात. काहींना करार मोडायची भीती होती. एखाददुसरा शेवटच्या दिवशी सूर्य मावळायची वाटही बघत असेल, कोण जाणे. भद्रिकाला सगळ्यांची पावलं ऐकू येत होती. तहानेने जीभ टाळूला चिकटली होती आणि घागर चार हातांवर, पण हात तिथवर पोचत नव्हता.

शेवटच्या दिवशी दुपार उलटून गेली तरी तो आला नाही, तेव्हा सोणा काठी टेकत आली.

"भद्रिका, आहेस का रे?"

आतून नुसतं कण्हणं आलं. तिने पाय उचलला आणि तसाच मागे घेतला. आत पाऊल पडलं असतं तर इतक्या वर्षांचं सगळं त्या एका पावलात वाया गेलं असतं. कराराचा तिला पहिल्यांदाच संताप आला. ती ओट्यावर मटकन बसली. मग खांद्यावरचं दोराचं वेटोळं तिने उतरवलं आणि एक टोक आत भिरकावलं.

"धर," ती म्हणाली. "नेहमीसारखं धर. घट्ट."

दोन-तीनदा चुकलं. मग दोर ताणला गेला. पलीकडे हात होता. सोणाला रडू कोसळलं, आणि रडता रडताच तिने शेजारून मागून आणलेली पाण्याची कळशी दोराला बांधली. भद्रिकाने ती जमिनीवरून घसटत ओढून घेतली. पाणी प्यायल्यावर त्याने कमरेची थैली सोडून दोराला बांधली आणि तिने ती बाहेर ओढली. कोणाचा वाटा किती हे एव्हाना गावाला पाठ होतं. म्हातारी काठी टेकत घरोघर फिरली आणि ऊन उतरता उतरता विपुल शेठच्या दारात पोचली.

"तू आत गेली असशील," शेठ म्हणाला.

"येऊन बघा," ती म्हणाली.

शेठ आला, प्रमुखही आले. उंबऱ्यावरच्या धुळीत दोर घासल्याची खूण होती, पाऊल नव्हतं. प्रमुख म्हणाले, "करारात पाऊल म्हटलंय. दोर म्हटलेलं नाही." पुढे भद्रिक बरा होईपर्यंत सोणा रोज ओट्यावर बसून दोराने पेज आत सोडायची. ती पेजही तिने अळणीच ठेवली होती.

त्यानंतर काही वर्षांनी शेवटचा वाटा द्यायचा दिवस आला. विपुल शेठने आपला वाटा घेतला आणि जरा घुटमळला.

"माझा दिवा होता तुझ्याकडे," तो म्हणाला.

"फळीवर आहे, शेठ. वात कोरीच आहे. आणून देतो."

"राहू दे तुलाच," शेठ म्हणाला. "मला वाटलं होतं तू लावशील." मग तो खाली बघत आत निघून गेला.

सगळ्यात शेवटी भद्रिक सोणाकडे आला. तिला आता नीट दिसत नसे, पण पाऊल तिने ओळखलं. त्याने तिचा वाटा पुढे केला. तिने मूठ मिटून घेतली.

"ठेव तुझ्याकडेच."

"मावशी, हा शेवटचा आहे."

"म्हणून तर म्हणतेय. हा घेतला की तू इथे येशील कशाला?"

 इतकी वर्षं भद्रिकाला वाटत होतं की एकटे आपणच आहोत. तो तिच्याजवळ खाली बसला.

"मावशी," तो म्हणाला, "तू हे घेतलं नाहीस तर माझा उंबरा तुला कायमचा बंद. घेतलंस तर तुला माझ्या घरी येता येईल."

 हे म्हातारीच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग तिने मूठ उघडली.

तिन्हीसांजेला ती आली. उंबऱ्यापाशी थांबून तिने तो हाताने चाचपला आणि त्याचा हात धरून आत पाऊल टाकलं. भद्रिकाने फळीवरचा दिवा पुसून, नवं तेल घालून, दिवेलागणीला लावला. सोणाने चुलीपाशी बसून भाकऱ्या थापल्या, आमटी केली आणि मागे वळून विचारलं, "मीठ कुठे ठेवतोस रे?"

भद्रिकाने टोपलीतून चिमूटभर मीठ काढून तिच्या तळहातावर ठेवलं. ते आता त्याचं होतं. पहिला घास तोंडात गेला आणि त्याला पुढे जेववेना, इतका तो रडला. सोणाने त्याला रडू दिलं आणि आपण जेवत राहिली.

विहारात बसून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एवढी कथा सांगितली. मग ते समोर बसलेल्या भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचा विपुल शेठ म्हणजे आपला उपासक गोमिक. आज तो दान वाढतो तेव्हा सुरुवात पंगतीच्या शेवटच्या माणसापासून करतो. श्रेणीचे प्रमुख म्हणजे हे वृद्ध स्थविर. दोर वळणारी सोणा म्हणजे उपासिका निंबा. ती रोज विहाराच्या दारात रांजण भरून ठेवते आणि आत न येता परत जाते. भद्रिक मीच होतो."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. रांजणापाशी म्हातारी निंबा रिकामी घागर घेऊन उभी होती.

"आत ये," शास्ता म्हणाले. भिक्खूंनी सरकून तिला जागा करून दिली.

त्या जन्मी बोधिसत्त्वाने पुरी केली ती अधिष्ठान पारमिता, म्हणजे एकदा धरलेला निश्चय शेवटपर्यंत न सोडणं.