बापभेट

एका राज्यात रीत अशी होती, की जिथे देव हाकेला धावला, तिथे दगड उभा करावा, त्यावर तेल ओतावे आणि जे घडले त्याचेच नाव जागेला द्यावे. राजा प्रतापकेतूला मात्र मोठेपणाची भारी हौस. त्याने सारे दगड उपटले. विहिरीलाही प्रतापपूर, खिंडीलाही प्रतापपूर! तेव्हा डोंगरावरचा जादूगार कडाडला, "राजा, देव कुठे भेटला ते तू पुसलेस. आता तू कुठे आहेस नि समोर कोण आहे, हे तुलाच कळणार नाही."

राजा आपल्याच महालात वाट चुकला. लेक चारुलेखेला म्हणाला, "बाई, आपण कोण?" पोरीच्या काळजाचे पाणी झाले. सकाळी पाहते तो राजा वाट फुटेल तिकडे निघून गेलेला!

ती जादूगाराकडे धावली. तो म्हणाला, "तीन जागांना खरी नावे दे. शाप उतरेल." सोबत त्याने आपला बोलका भारद्वाज पक्षी दिला.

आटलेल्या विहिरीपाशी एक मेंढपाळीण भेटली. "आमच्या आजीनं तहानेनं देवाला हाक मारली, अन् खडकातून पाणी आलं," ती म्हणाली. चारुलेखेने दगड उभारला, तेल ओतले, 'हाकेची विहीर' म्हटले. पाणी काठाला आले. दरड कोसळलेल्या खिंडीत, लोक सांगत, पूर्वी दोन भाऊ तलवारी टाकून एकमेकांच्या गळ्यात पडले होते. 'समेटखिंड' म्हणताच वाट मोकळी झाली.

तिसरा होता ओसाड माळ. तिथले कोणालाच काही ठाऊक नव्हते. घाईघाईने तिने 'देवदर्शन' असे झकास नाव ठेवले. दगड धाडकन आडवा!

भारद्वाज म्हणाला, "राजकन्ये, बापाचीच चूक? इथे अजून काही घडलेलेच नाही."

ती मटकन बसली, रडली. "देवा, मला माझे बाबा हवेत."

तोच समोरून एक अनवाणी म्हातारा धडपडत आला. "बाई, ही जागा कोणती?"

तेच ते! जिवंत! तिने दगड उभा केला, उरलेले तेल ओतले. "देवाने ऐकले. ही बापभेट."

दगड ढळला नाही. राजाने डोळे चोळले. "चारू! अगं, एवढ्या उन्हात?" आणि तिला पोटाशी धरून तो मनसोक्त रडला.

"महाराज, प्रतापपुरांचे काय करायचे?" भारद्वाजाने खोचकपणे विचारले.

"पुसून टाका सगळी," राजा म्हणाला.

दगड पुन्हा उभे राहिले. राजाचे नाव आता कुठल्याच जागेला नाही. पण माळावर येणारा प्रत्येक जण विचारतो, "कोणाचा बाप?" मग त्याला ही गोष्ट सांगावीच लागते.